डोळ्यात मध: ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचा अनुभव काय?

डोळे आले, रांजणवाडी झाली, नजर अंधुक झाली, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "मध घाल." कुणी काडीने घालतं, कुणी गुलाबपाण्यात कालवून, कुणी रात्री काजळासारखा ओढतं. या धाग्यावर सल्ले नकोत, अनुभव लिहा. काय झालं होतं, मध कुठला, कुणी घातला, पुढे काय झालं. "आमच्या ओळखीत एकाचा चष्मा गेला" हे चालणार नाही. तो ओळखीचा स्वतः लिहिणार असेल तर स्वागत. मी नौपाड्यातला. माझं मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तक्रार नको: मधाच्या खात्यावर जमा झालेलं पुष्कळसं श्रेय डोळ्यातल्या पाण्याचं आहे. पटत नसेल तर खोडून काढा.

दिवाळे गाव, बेलापूर
आमच्यात सर्रास घालायचे. होडीवरून आलं की खारं पाणी आणि ऊन, डोळे लालबुंद. आमची आय बोटावर मध घेऊन पापणी उलटी करायची आणि आम्ही बोंब मारायचो. "जललं म्हंजे लागलं," हे तिचं ठरलेलं. पाच मिनिटं पाण्याच्या धारा, मग डोळे लख्ख. तुमचं अश्रूंचं म्हणणं एकवेळ मान्य, पण मग त्या धारा काढल्या कुणी? मधानेच ना?

रबाळे एमआयडीसी
फॅब्रिकेशनमध्ये आहे. वेल्डिंगची चमक लागली की संध्याकाळपर्यंत काही कळत नाही, खरा खेळ रात्री बारा-एकला सुरू होतो. डोळ्यात वाळू भरल्यासारखं, दिवा सहन होत नाही. आमच्या लाइनीत उपाय ठरलेले: कापलेला बटाटा, बाळंतिणीचं दूध, नाहीतर मध. मी मध घातला. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. सकाळी मात्र बरं होतं, आणि मुकादम चार जणांना सांगत सुटला. पण माझ्याच बाजूच्याला त्याच दिवशी चमक लागली होती. तो नुसती ओली पट्टी ठेवून खोलीत अंधार करून झोपला. तोही माझ्याबरोबरच कामावर आला. हे मुकादम कुणाला सांगत नाही.

*(नौपाडा: रबाळेकर, नेमका मुद्दा. चमक म्हणजे अतिनील किरणांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजणं. दुखणं काही तासांनी चढतं आणि तो थर साधारण एक-दोन दिवसांत आपसूक भरून येतो. मध्ये जे घालाल ते औषध ठरतं.)*

खोपट
जिभेवर बरा.

कोपरी, ठाणे पूर्व
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, चष्म्याचे नंबर काढते. दिवाळेकरांच्या प्रश्नाचं उत्तर देते. मधात साधारण ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी. इतका घट्ट गोड पदार्थ डोळ्यात गेला की तो आजूबाजूचं पाणी ओढतो. शिवाय मध आंबट असतो, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) चारच्या आसपास. अश्रूंचा साधारण ७.४. म्हणून जळतं, आणि जळतं म्हणून धार लागते. त्या धारेबरोबर धूळ, चिपडं, मीठ सगळं वाहून जातं आणि दोन घटका स्पष्ट दिसतं. म्हणजे धारा मधानेच काढल्या, कबूल. पण स्वच्छ पाण्याने डोळे धुऊनही तेवढीच धूळ निघते, आणि बोंब मारावी लागत नाही.

मधात जंतू मारायची ताकद नाही असं मी म्हणणार नाही, उगाच खोटं कशाला. साखरेचा ताण (ती जंतूंमधलंही पाणी ओढून घेते), आंबटपणा, आणि मध पातळ झाला की त्यातल्या एन्झाइममुळे तयार होणारं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, या तिन्हींनी जंतू मरतात. जखमांच्या पट्ट्यांत मध वापरतातही. पण तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. आपल्या फडताळातल्या बाटलीत काल पोळीचा चमचा बुडवलेला असतो.

घणसोली
बाळ दीड महिन्याचं असताना त्याचा एक डोळा सारखा चिकटायचा, सकाळी पापण्या उघडायच्याच नाहीत. सासूबाई म्हणाल्या, मधाचं बोट फिरव. माझी हिंमत होईना. त्यांना वाईट वाटलं, घरात दोन दिवस अबोला. बालरोगतज्ज्ञांनी बघितलं आणि सांगितलं की डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी अजून पुरती उघडलेली नाही. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर करंगळी ठेवून खाली दाबत मालीश करायची. बहुतेक बाळांची नळी पहिल्या वाढदिवसापर्यंत उघडते, आमचीही उघडली. त्यांनी आणखी एक सांगितलं ते सासूबाईंना जास्त लागलं: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचासुद्धा नाही. मधात बॉट्युलिझमच्या, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात. जन्मल्या जन्मल्या सोन्याच्या अंगठीने मध चाटवणाऱ्या घरात हे ऐकवणं सोपं नव्हतं.

कळवा
आजोबांचं सांगतो. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनची भीती, आणि नेमका तेव्हाच व्हॉट्सॲपवर तो सुप्रसिद्ध नुस्खा आला: कांद्याचा रस, आल्याचा रस, लिंबाचा रस आणि मध, गाळून बाटलीत भरा, रोज एक थेंब. आजीने बाटली तयार केली. आजोबा रोज सकाळी खुर्चीत मान मागे टाकून बसायचे, थेंब पडला की खुर्चीचे हात घट्ट धरायचे, आणि टिपं पुसून झाली की समोरच्या कॅलेंडरवरची तिथी वाचून दाखवायचे. "काल पेक्षा आज स्पष्ट." आम्हीही माना डोलवायचो. तिथी त्यांना पाठ असायची, हा भाग कुणी बोलायचं नाही. शेवटी जिन्यात पाय चुकला तेव्हा त्यांना नेलं. मोतीबिंदू पार पिकला होता. डॉक्टरांनी आजीला समजावलं ते मला आवडलं: मोतीबिंदू डोळ्यावर नसतो, बाहुलीच्या मागे भिंगात असतो. अंड्याचा शिजलेला बलक वरून काही घातलं तर पुन्हा पातळ होतो का? आजी म्हणाली, "बलक नाही, पांढरं." डॉक्टर म्हणाले, "बरोबर, पांढरं." ऑपरेशन झालं, थोडा वेळ जास्त लागला इतकंच.

चरई
व्यवसायाने वैद्य. सगळे मधावर तुटून पडायच्या आधी शास्त्राची बाजू. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत, माक्षिक, भ्रामर, क्षौद्र वगैरे, आणि मध चक्षुष्य, म्हणजे डोळ्यांना हितकर, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात, उत्तरतंत्रात, ७६ नेत्ररोग येतात आणि मधात कालवलेली अंजनंही येतात. पण तिथेच अट आहे: आधी शरीरशुद्धी, दोष डोळ्यापुरते उरले की मग अंजन. डोळा लाल, सुजलेला, चिकट असताना अंजन नाही. लोक नेमके तेव्हाच बाटली उघडतात. मी स्वतः रुग्णाला घरचा मध डोळ्यात घालायला सांगत नाही.

मानपाडा
वैद्यबुवांनी आठ प्रकार सांगितले, नववा मी सांगतो: बादलीतला. रस्त्याच्या कडेला बादली, वर पोळ्याचा तुकडा, दोन मेलेल्या माश्या, खाली गुळाचा पाक. आणि बाटलीबंदची खात्री तरी कुठे? डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले, बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. कुठला मध, हा धागाकर्त्याचा प्रश्न खरं तर आम्हालाच माहीत नसतो.

ऐरोली
दिवसभर स्क्रीन, एसी, डोळे कोरडे ठक्क. बहीण मेलबर्नला असते, तिने मधाचे थेंब आणले. मानुका मधाचे (तिकडच्या मानुका झुडपाच्या फुलांवरचा मध), निर्जंतुक, डोळ्यांसाठीच बनवलेले, छोट्या बाटलीत. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले, ते म्हणाले कोरडेपणावर आणि पापणीच्या कडेच्या सुजेवर यांचे अभ्यास झालेत, वापरून बघा. झोंबतात, खोटं बोलणार नाही. फायदा झाला, पण त्याच काळात मी पापण्यांना गरम शेकही सुरू केला होता. कशाने किती, देव जाणे.

मुरबाड, सध्या वाशी
मला हलकंफुलकं लिहिता येणार नाही. भातकापणीत वडलांच्या डोळ्याला लोंबी लागली. दुखत होतं, पण कापणी टाकून कोण जाणार. शेजाऱ्यांनी घरातला मध दिला, चांगल्या मनाने दिला. झोंबलं, पाणी आलं, उतार पडला असं वाटलं. परत दुखलं, परत मध. मला फोन आला तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत होता. वाशीला आणलं. बुबुळाला व्रण होता, बुरशीचा. डॉक्टरांनी सांगितलं की पाला, तूस, लोंबी लागून अशी बुरशी बुबुळात शिरते. मधाने ती आली असं नाही म्हणाले, पण मधाच्या भरवशावर जे दिवस गेले ते नडले. मग दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. आई घड्याळ लावून बसायची. व्रण भरला, फूल मात्र राहिलं. त्या डोळ्याने माणूस आला-गेला कळतं, चेहरा कळत नाही. बुबुळ बदलायचा विचार चालू आहे.

*(नौपाडा: मनापासून आभार. बाकीच्यांसाठी: काही लागल्यावर डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर कमी झाली किंवा पांढरं दिसतंय, तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. हा एक सल्ला माझा नियम मोडून.)*

सानपाडा
२०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा आमच्या सोसायटीत निम्म्यांनी मध घातला, निम्म्यांनी मेडिकलमधून विचारून थेंब आणले, आणि आम्ही आळशी मंडळी गॉगल लावून घरी बसलो. साधारण एकाच सुमाराला सगळे लिफ्टमध्ये भेटलो.

दिवाळे गाव, बेलापूर
मुरबाडकरांचं वाचलं. आमच्यात मासळीचा काटा लागला की आय मध घालू द्यायची नाही, सरळ दवाखाना. खारं पाणी, ऊन, एवढ्यालाच मध. का ते तिला कधी विचारलं नाही.

रबाळे एमआयडीसी
कुणीतरी इनबॉक्सात विचारलं, आता चमक लागली तर काय करतो. लागू देत नाही. वेल्डरला मास्क असतोच. चमक लागते ती बाजूला जॉब, म्हणजे जोडायचा तुकडा, धरून उभ्या असलेल्या हेल्परला. ठेकेदार दोघांत एक मास्क देतो, आणि वेल्डर वेल्डिंगचा टाका मारताना हेल्पर तोंड फिरवतो. फिरवलं तरी पत्र्यावरून परत येतंच. मधाची बाटली मात्र शॉपमध्ये भरलेली असते.