मदत हवी आहे : बँडविड्थ वीस पट असूनही एफएमवर खरखर कमी कशी?

सर्वांना नमस्कार. मी वसमत तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका मुद्द्यावर आठवडाभर अडलो आहे. सूत्रे पाठ आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वडील रोज संध्याकाळी परभणी आकाशवाणीवर, म्हणजे मध्यम लहरींवर (एएम) 1305 किलोहर्ट्झला, शेतीविषयक कार्यक्रम ऐकतात. हळदीला पाणी सोडण्यासाठी मी स्टार्टरचे हिरवे बटण दाबले, की रेडिओतून मोठ्याने ‘कर्र’ असा आवाज येतो आणि निवेदकाचे दोन-तीन शब्द बुडतात. मृगात आभाळ भरून आले, की लांबच्या विजेचीही कडकड त्यात उमटते. त्याच वेळी मोबाइलला इअरफोन लावून नांदेडचे एफएम ऐकले, तर स्टार्टर कधी सुरू झाला हे कळतही नाही.

याचे पुस्तकातले उत्तर असे, की ठिणगी आणि वीज लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, बदलतात. एएममध्ये आवाज आयामातच बसवलेला असल्यामुळे तो बिघडतो, एफएममध्ये मात्र तो वारंवारतेत असल्यामुळे लिमिटरने लहरीचे शेंडे छाटले तरी त्याला धक्का लागत नाही. इथवर पटते.

पण एएम केंद्राला 9 किलोहर्ट्झची जागा (बँडविड्थ) पुरते, तर कार्सनच्या नियमाने (वारंवारतेचे कमाल विचलन अधिक आवाजाची कमाल वारंवारता, त्याची दुप्पट) एफएमला 2 × (75 + 15) = 180 किलोहर्ट्झ लागतात. दार वीस पट रुंद उघडले, म्हणजे गोंगाटही वीस पट, जवळजवळ 13 डेसिबल जास्त आत येणार. शिवाय मी फेजर आकृती, म्हणजे लहर फिरत्या बाणाने दाखवणारी आकृती, काढून पाहिली. वाहक लहरीचा (जिच्यावर आवाज चढवतात तिचा) मोठा बाण आणि त्याच्या टोकाशी गरगर फिरणारा गोंगाटाचा छोटा बाण. छोटा बाण आडवा होतो तेव्हा मोठ्याची लांबी जवळपास तेवढीच राहते, पण कोन हलतो. कोन हलला म्हणजे वारंवारता हलली, आणि ती तर लिमिटरला छाटता येत नाही. मग ही खरखर जाते कुठे?

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. एफएम ऐकत विहिरीच्या पायऱ्या उतरलो, तेव्हा आवाज सहाव्या पायरीपर्यंत स्वच्छ होता आणि सातवीवर एकदम फटफट होऊन गेला. एएम रेडिओ घेऊन उतरलो, तर तो हळूहळू मंदावत गेला. हा फरक कशामुळे?

प्रतिसाद :
तुमची आकृती बरोबर आहे आणि उत्तर तिच्यातच आहे. छोटा बाण मोठ्याच्या दहाव्या हिश्शाएवढा असेल, तर कोन जास्तीत जास्त 6 अंश हलतो. उलट 15 किलोहर्ट्झच्या सुराला 75 किलोहर्ट्झचे विचलन दिले, तर मॉड्युलेशन इंडेक्स 5 येतो, म्हणजे कोन 5 रेडियन, सुमारे 286 अंश झुलतो. 286 पुढे 6 कितीसे? ही रुंद झेप घेता यावी म्हणूनच 180 किलोहर्ट्झ मोजावे लागतात. आत आलेल्या जादा गोंगाटाचा बहुतेक भाग वाहकापासून 15 किलोहर्ट्झहून दूर असतो. डिस्क्रिमिनेटरनंतर (वारंवारतेतल्या बदलाचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागानंतर) तो श्राव्य पट्ट्याच्या बाहेर पडतो आणि फिल्टर त्याला अडवतो. जो उरतो तो वरच्या सुरांत जास्त असतो, कारण छोटा बाण जितका वेगाने फिरेल तितकी वारंवारता जास्त हलते. म्हणून केंद्रावर वरचे सूर आधीच चढवून पाठवतात आणि रिसीव्हरमध्ये तेवढेच उतरवतात.

सातव्या पायरीवर छोटा बाण मोठ्याच्या बरोबरीला आला. त्यानंतर टोक मूळबिंदूला वळसा घालते, कोन एकदम 360 अंशांनी उडी मारतो आणि प्रत्येक उडी ‘फट’ अशी ऐकू येते. वाहक गोंगाटाच्या वर साधारण 10 डेसिबल असेपर्यंतच एफएमचा हा फायदा टिकतो. एएममध्ये असा उंबरठा नसतो.

स्टार्टरचे सगळे श्रेय मात्र एफएमला देऊ नका. ठिणगीची आणि विजेची ताकद 1 मेगाहर्ट्झच्या आसपास भरपूर असते, 100 मेगाहर्ट्झला बरीच ओसरलेली असते.

धागाकर्ता :
मनःपूर्वक आभार, सर. 286 आणि 6 हे आकडे शेजारी मांडल्यावर उलगडले. एक शंका उरते. रिसीव्हरचा फिल्टर 180 ऐवजी 100 किलोहर्ट्झचा केला, तर गोंगाट कमी होऊन आणखी दोन पायऱ्या उतरता येतील, की मोठ्या आवाजातले सूर फाटतील?