युद्धाचा निर्णय आणि खासदाराचं मत: टिम केन यांच्यासारखं कुणी आपल्याकडं का नाही?

पंचगंगाकाठ
अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचे सिनेटर टिम केन गेली कित्येक वर्षं एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागं लागलेत: युद्धात उतरायचं की नाही, हे एकट्या राष्ट्राध्यक्षानं ठरवायचं नाही, सभागृहात मत घ्यायचं. २०२० मध्ये इराणबद्दलचा त्यांचा ठराव सिनेटनं ५५ विरुद्ध ४५ मतांनी मंजूर केला. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून तो अडवला. जून २०२५ मध्ये पुन्हा तसाच ठराव आणला. अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकल्यानंतर तो ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. पण इराकसाठी १९९१ आणि २००२ साली दिलेल्या युद्धाच्या परवानग्या रद्द करा, ही त्यांची मागणी डिसेंबर २०२५ च्या संरक्षण कायद्यात मान्य झाली. घरच्या प्रश्नांकडंही दुर्लक्ष नाही. कामाच्या ताणानं खचणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या मानसिक आरोग्यासाठीचा २०२२ चा कायदा त्यांनीच पुढं रेटला.

हे इथं मांडायचं कारण आपला कोल्हापूर जिल्हा. सैनिक टाकळी घ्या, गडहिंग्लज-चंदगड-आजरा पट्टा घ्या. सुट्टी संपली की पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली काळी ट्रंक एसटीत चढवायला अख्खं घर स्टँडवर येतं. त्याच घरी मत मागायला येणारा उमेदवार रस्ता, गटार, उसाचा दर यावर बोलतो. पोरगा लढाईवर जाणार असेल तेव्हा सभागृहात तुम्ही काय करणार, हे त्याला कुणीच विचारत नाही. आपण विचारायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मिरजकर तिकटी
अजिबात पटलं नाही. लढाई म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव आहे काय? ६-७ मे २०२५ च्या रात्री ऑपरेशन सिंदूर झालं. त्याआधी सभागृहात मतदान घेतलं असतं तर समोरचा सावध झाला नसता? आणि पडणारे ठराव आणून मिळालं काय? आमच्या खासदारानं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढू नये म्हणून भांडावं. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यानं अंगावर घेतलाय त्याला इराण कुठं आहे हे कळून काय करायचंय!

पंचगंगाकाठ
आपल्यावर हल्ला होत असेल तर आधी मतदान घ्या असं केनही म्हणत नाहीत. अमेरिकेचा १९७३ चा कायदा सांगतो: सैन्य उतरवलं की ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवा आणि मंजुरी नसेल तर साधारण ६० दिवसांत थांबवा. अचानक हल्ला झाला तर परतवायला कुणाची आडकाठी नाही.

आपल्याकडं १० मे ला गोळीबार थांबला. विशेष अधिवेशनाची मागणी होऊनही लोकसभेत चर्चा झाली २८ जुलैला, तीही मतदानाविना. याउलट १९६२ मध्ये चीन आत घुसलेला असताना ८ नोव्हेंबरला संसद भरली. बैठक गुप्त घ्या अशी सूचना आली, ती नेहरूंनी मानली नाही. सगळं उघड्यावर बोललं गेलं. आणि १९८७ ला श्रीलंकेत फौज पाठवली तेव्हा? करार झाला, जवान गेले. हजारावर परत आले नाहीत. मत कुणी दिलं होतं?

वकिली डोळा
तुलनाच चुकतेय. तिथं राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, म्हणून सभागृहानं त्याला लगाम घालायचा. इथं सरकारच लोकसभेच्या विश्वासावर उभं आहे. सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य अनुच्छेद ५३ नं राष्ट्रपतींकडं आहे आणि युद्धाआधी संसदेची परवानगी घ्या असं राज्यघटनेत कुठंही नाही. आणीबाणी लावली तरच एका महिन्यात मंजुरी लागते. शिवाय १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला की खासदाराचं स्वतःचं मत संपलं; मोडला तर खासदारकी जाते. मंत्री नसलेल्या खासदारानं आणलेलं खासगी विधेयक म्हणाल तर १९७० नंतर एकही मंजूर झालेलं नाही. कोल्हापुरातून कितीही चांगला माणूस पाठवा, इथं केन होणं शक्य नाही. आधी व्हिपवर बोला.

उद्यमनगरचा
इराण लांब आहे म्हणणाऱ्यांनी यंत्रमागांच्या इचलकरंजीत जाऊन यावं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेही राष्ट्राध्यक्षानं आणीबाणीचे अधिकार वापरून. कॅनडावरच्या अशाच शुल्कासाठी लावलेली आणीबाणी उठवायचा ठराव केन यांनी आणला आणि एप्रिल २०२५ मध्ये सिनेटनं तो ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केला. एका माणसाच्या सहीनं युद्धही सुरू होतं आणि आमच्या ऑर्डरीही थांबतात.

सुभेदार (निवृत्त)
फौजेत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. जवान पोस्टवर असताना दिल्लीत मतं मोजायला बसू नका. उद्या ठराव दोन मतांनी पडला तर बर्फात बसलेल्या पोरानं काय समजायचं?

पण नंतरचा हिशोब कुणी चुकवू नये. कारगिलनंतर समिती बसली, तिचा अहवाल २००० साली संसदेत ठेवला. काही पानं झाकली, तरी ठेवला. १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र अजून सरकारनं जाहीर केलेला नाही. साठ वर्षं होऊन गेली. खासदाराला विचारायचंच असेल तर हे विचारा.

मिरजकर तिकटी
सुभेदारसाहेब, अहवालाचं पटलं. मतदानाचं अजून नाही.

पंचगंगाकाठ
वकीलसाहेब, व्हिपचा मुद्दा खरा आहे, पण सरकार पडणार नाही अशा विषयावर व्हिप काढू नका, एवढी मागणी करायला कायदा आड येत नाही. सुभेदारसाहेब, लढाई चालू असताना मत नको हेही मान्य. पण बंदुका थांबल्यावर महिनाभरात मतदानासह चर्चा, आणि श्रीलंकेसारखी फौज परदेशात पाठवायची असेल तर आधी सभागृहाची मंजुरी, यावर मी हटणार नाही. पुढच्या वेळी प्रचाराला जो दारात येईल त्याला अलमट्टी आणि हे, दोन्ही विचारणार.