मदत हवी आहे: २^६१ − १ मूळ आहे का याची चाचणी ६४ बिटांत (० किंवा १ अशा द्विमान अंकांत) कशी बसवावी?

खानापूर-निपाणी भागातल्या मराठी शाळांच्या गणित प्रदर्शनासाठी मूळ संख्यांचा तक्ता करतोय. शेजारच्या कन्नड मुलांसाठी 'अविभाज्य संख्ये' असंही लिहायचंय, ते जमेल. अडलंय दुसरीकडेच.

लुकास-लेमर चाचणी (२^p − १ रूपातली संख्या मूळ आहे का हे p − २ पायऱ्यांत सांगणारी) १२७ वर, म्हणजे २^७ − १ वर, हाताने होते: ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, १२७ ने भागून बाकी घ्यायची. ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाचव्या पायरीला शून्य, म्हणजे मूळ.

२^६१ − १ म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१. इथे ५९ पायऱ्या. वर्ग १२२ बिटांपर्यंत जातो, ६४ बिटांत वरचा भाग गळतो आणि प्रोग्रॅम बेधडक 'मूळ नाही' सांगतो. एक्सेल तर १५ अंकांनंतर शून्यंच भरतं, त्याचं नाव नको. पायथॉनमध्ये चुटकीसरशी होतं, पण शाळेतल्या मशीनवर जुना सी कंपायलरच आहे.

म्हणून ज्या संख्येचा वर्ग करायचा त्या s चे s = a·२^३१ + b असे तुकडे केले. २^६२ ला २^६१ − १ ने भागलं की बाकी २, म्हणून पहिलं पद २a². मधलं २ab·२^३१ म्हणजे ab·२^३२; तिथे ab ६१ बिटांत ३२ घरं डावीकडे फिरवतोय (डावीकडून बाहेर पडलेले बिट उजवीकडे परत आणतोय). शेवटी b². तिन्हींची बेरीज २^६३ च्या आत राहते.

हे फिरवणं बरोबर आहे ना? आणि घडी घालताना (६१ बिटांच्या वरचा भाग खालच्या भागात मिळवताना) शेवटी ० ऐवजी २^६१ − १ च उरलं, तर तेही शून्यच धरायचं की आधी कुठे चूक शोधायची? बिट न वापरता दहावीच्या पोरांना हे कसं सांगाल?