रत्नागिरीत वन बीएचके, आर्केड मशीन (व्हिडिओ गेमची पेटी) बनवायचंय, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) चालेल का?

जुना १९ इंची मॉनिटर आणि रास्पबेरी पाय ४ (छोटुसा कॉम्प्युटर) पडून आहे, पण हॉलमध्ये जागाच नाही, आई म्हणते आणखी एक डबडं आणलंस तर तुलाच बाहेर काढीन. काय करू?

— एमडीएफ अजिबात नको रे, इथल्या पावसात कडा फुगतात, माझी पहिली पेटी गणपतीपर्यंत पण टिकली नाही. १२ एमएमचा मरीन प्लाय (ओल सोसणारा प्लायवूड) घे, आयएस ७१० या त्याच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून, कापलेल्या कडांना प्रायमर मार. आणि टेबलावर बसेल एवढंच कर.

— पॅकमॅन खेळणार असशील तर मॉनिटर उभा लाव, १९८० चा मूळ गेम उभ्या स्क्रीनचाच. जॉयस्टिक चार दिशांची घे, आठवाली वळणावर घोळ घालते.

— मागे हवेला जाळी ठेव, बारीक हां, नाहीतर पाली शिरतात

— मरीन प्लायच घेतो मग. आईला सध्या शू रॅक सांगितलंय