दहावीनंतर मुलाला ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट ॲडव्हेंचर टूरवर पाठवावं का? जंगल आणि आउटबॅकवाली

रामबागची_आई

नमस्कार मंडळी, इंदूरातल्या कोणी मुलांना अशा टूरवर पाठवलं असेल तर प्लीज सांगा. मुलगा आत्ता दहावीत आहे, त्याच्या कोचिंगमधल्या चार-पाच मित्रांनी मिळून एका टूरवाल्याचं ब्रोशर आणलंय आणि तेव्हापासून घरात अभ्यासापेक्षा तेच चालू आहे. मे अखेरीस निघायचं, १२ दिवस, सोबत गाईड आणि एक टूर मॅनेजर. केर्न्स, तिथलं डेनट्रीचं रेनफॉरेस्ट, ग्रेट बॅरियर रीफ, मग आउटबॅक म्हणजे मधला ओसाड वाळवंटी भाग, त्यात ॲलिस स्प्रिंग्ज, उलुरू, आणि शेवटी सिडनी अन मेलबर्न. ब्रोशरवर मुलं उलुरूच्या दगडावर साखळी धरून चढतायत असा मोठा फोटो आहे, तो बघूनच आमचा हीरो फिदा.

सासूबाई म्हणतात साप, मगरी, कशाला पाठवता. ह्यांचं म्हणणं एवढ्या पैशात त्याच्या अकरावी-बारावीची फी निघेल. मला स्वतःला पाठवावंसं वाटतंय, पण टूरवाल्याला नेमकं विचारायचं काय तेच समजत नाही, तो फोनवर सगळ्यालाच हो मॅडम हो मॅडम करतो. मुलगा शाकाहारी, अंडं चालतं. पोहता येत नाही म्हटलं तरी चालेल.

ब्रिस्बेनचा_इंदौरी

ताई, मी मूळचा लोकमान्य नगरचा, बरीच वर्षं इकडे क्वीन्सलँडमध्ये आहे. पहिली गोष्ट, त्या फोटोवरूनच टूरवाल्याला धरा. उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे, साखळीसुद्धा काढून टाकली. तो दगड तिथल्या अनांगू लोकांसाठी पवित्र आहे, १९८५ मध्ये जमीन त्यांना परत दिली आणि चढू नका असं ते कित्येक वर्षं सांगत होते. म्हणजे तुमच्या माणसाने ब्रोशर एक तर जुनं छापलंय किंवा तो स्वतः तिकडे गेलेलाच नाही. दोन्ही वाईटच.

दुसरं म्हणजे १२ दिवसांत एवढं सगळं बसवलंय त्यात मुलं फक्त एअरपोर्ट आणि बसच्या खिडक्या बघणार. इंदूरहून आधी मुंबई किंवा दिल्ली, मग सिंगापूर, तिथून केर्न्सला थेट विमान मिळतं, म्हणजे जाण्या-येण्यातच तीनेक दिवस गेले समजा. केर्न्सहून मध्य ऑस्ट्रेलियाला रस्त्याने जायचं तर दोन हजार किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे तेही विमानानेच. आणि ॲलिसला उतरलात म्हणजे उलुरू आलं असं नाही, साडेचारशेच्या वर किलोमीटर अजून बाकी असतात, मध्ये एर्लडंडाचा रोडहाऊस सोडला तर चहा प्यायलाही फार कुठे थांबता येत नाही. टूरवाले हे "ॲलिस स्प्रिंग्ज / उलुरू" असं एका ओळीत लिहितात, जसं काही राजवाडा / सराफा.

माझं ऐकाल तर सिडनी, मेलबर्न सरळ उडवा. पूल आणि ऑपेरा हाऊस पुढे कधी नोकरीसाठी आला तर बघेलच तो. जंगल आणि आउटबॅक एवढ्या दोनच जागा ठेवा, प्रत्येकी पाच रात्री तरी, आणि टूरवाल्याकडून रोजचा हिशोब लेखी मागा की बसमध्ये किती तास आणि पायी किती तास. जो हा हिशोब देत नाही त्याला सोडून द्या.

जंगलाबद्दल थोडं सांगतो कारण माझं तिकडे जाणं होतं. डेनट्रीचं जंगल साधारण १८ कोटी वर्षं जुनं सांगतात, पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या रेनफॉरेस्टपैकी एक, आणि ते थेट समुद्रापर्यंत उतरतं, केप ट्रिब्युलेशनला तर झाडाच्या सावलीतून पाऊल टाकलं की वाळू. हा वेट ट्रॉपिक्सचा पट्टा १९८८ पासून जागतिक वारसा आहे आणि समोरचा रीफ १९८१ पासून. डेनट्री नदीवर पूल नाही, बस एका केबलवर ओढल्या जाणाऱ्या फेरीबोटीत चढवतात, आणि पलीकडे सरकारी वीजलाइनच नाही, सोलर आणि जनरेटरवर सगळं. म्हणून मुलाला सांगून ठेवा, मोबाइल चार्ज करणं आणि रेंज ह्या दोन्हीची बोंब असते तिकडे.

मॉसमन गॉर्जला तिथल्या मूळ रहिवासी कुकू यलांजी लोकांचे स्वतःचे गाईड मुलांना घेऊन चालतात, आधी ओल्या पानांचा धूर करून त्यातून सगळ्यांना फिरवतात, मग नदीतला दगड दगडावर घासून रंग काढून दाखवतात, एका झाडाची पानं पाण्यात चोळली की साबणासारखा फेस येतो तेही हातावर करून बघायला देतात. टूरमध्ये हे आहे का ते विचारा. नुसतं "रेनफॉरेस्ट वॉक" लिहिलं असेल तर तो बोर्डवॉकवर अर्धा तास फिरवून परत आणेल.

आणि हिरव्या मुंग्या! गाईड झाडावरची मुंगी पकडून तिचं बूड चाटायला लावतो, एकदम लिंबासारखं आंबट. आपल्या बस्तरमध्ये चापडा चटणी करतात ना, तीच जात. शाकाहारी मुलाने काय करायचं ते त्याचं तो ठरवेल.

पाताळपाणी_पायी

मी वेगळंच बोलणार, राग मानू नका. जंगल बघायचं तर सातपुडा टायगर रिझर्व्ह आहे, पचमढी आहे, मढईला जा, दहा टक्के पैशात होईल. आपल्या मुलांनी चोरलच्या पुढचं जंगल पाहिलेलं नसतं आणि थेट ऑस्ट्रेलिया? भिया, ह्याला ॲडव्हेंचर नाही, इन्स्टाग्राम म्हणतात.

ब्रिस्बेनचा_इंदौरी

पचमढीला नक्की पाठवाच, आधीच पाठवा. पण ह्याच्यात इन्स्टाग्राम कमी असतो उलट, वर म्हटलं तसं रेंजच नाही 😄

गौरी_स्कीम७८

माझी मुलगी अशाच एका टूरवर जाऊन आलीय, दुसऱ्या शहरातल्या शाळेच्या ग्रुपसोबत, त्यामुळे जे ऐकलं आणि जे तिच्या बॅगेतून निघालं त्यावरून सांगते.

सगळ्यात मोठा घोळ कपड्यांचा. वाळवंट म्हटलं की आपल्या डोक्यात राजस्थानचा उन्हाळा, त्यात आपण इथे मे मध्ये ४२ डिग्रीत बॅग भरतो, तेव्हा स्वेटर कोणाला आठवणार. पण तिकडे जूनमध्ये हिवाळा असतो, ॲलिसला दिवसा छान वीसच्या आसपास आणि रात्री शून्याखालीसुद्धा जातं. आणि ह्या मुलांना तंबूत नाही, स्वॅगमध्ये झोपवतात, म्हणजे जाड कॅनव्हासची वळकटी, आत गादी असते, त्यात स्लीपिंग बॅग घालायची आणि उघड्यावर शेकोटीच्या बाजूला पडायचं. ग्रुपमधल्या अर्ध्या मुली पहिल्या रात्री दोन-दोन टीशर्ट आणि ओढणी गुंडाळून कुडकुडत होत्या. तर कानटोपी, थर्मल, लोकरीचे मोजे हे तीन आधी. केर्न्सच्या बाजूला मात्र त्याच महिन्यात हाफ पँट, म्हणजे दोन वेगळ्या बॅगा समजून भरा. जंगलात पाऊस कधीही येतो, रेनकोट वर ठेवा.

पण तिला विचारलं सगळ्यात भारी काय तर तेच उघड्यावर झोपणं. आकाशगंगा डोक्यावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सदर्न क्रॉस हा तारकासमूह गाईडने बोटाने दाखवला. सकाळी उठली तर स्वॅगवर चक्क पांढरं दहिवर गोठलेलं आणि शेजारून डिंगोच्या, म्हणजे तिकडच्या जंगली कुत्र्याच्या, पावलांचे ठसे गेलेले, कोणाचा तरी एक बूट गायब! बूट रात्री स्वॅगच्या आत ठेवायचे असं गाईडने सांगितलं होतं, त्या मुलाने ऐकलं नव्हतं.

उलुरूला चढत नाहीत म्हणून मुलाने तोंड पाडू नये. त्याला पायी फेरी मारतात, दहा किलोमीटरच्या वर होते ती, आणि वरून काय दिसलं असतं त्याच्यापेक्षा खालून जास्त दिसतं असं तिचं म्हणणं, गुहांमधली चित्रं, पाण्याची कुंडं, दगडाला हात लावला की बोटाला लालसर पूड, तो लोखंडाचा गंज आहे, दगड आतून राखाडीच असतो. काही ठिकाणी बोर्ड असतो की इथे फोटो काढू नका, तिथे ग्रुपमधल्या कोणी काढला तर गाईड डिलीट करायला लावतो. काटा ट्युटा पण ठेवा लिस्टमध्ये, ३६ घुमट आहेत, उलुरूपेक्षा उंच, आणि गर्दी कमी. किंग्ज कॅन्यनची कडेकडेने फेरी साधारण ६ किलोमीटर, सुरुवातीलाच जी चढण आहे तिने आमच्या बाईसाहेबांची जिरवली. त्यामुळे आत्तापासून रोज चालायला लावा, रविवारी रालामंडळची टेकडी दोन वेळा चढवा.

ॲलिसमध्ये स्कूल ऑफ द एअर दाखवतात, १९५१ पासून रेडिओवर शाळा चालायची, आता इंटरनेटवर, शेकडो किलोमीटर लांबच्या फार्मवरची मुलं घरूनच शिकतात. आणि विमानाने पेशंटकडे जाणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरवाल्यांचं म्युझियम. हे दोन्ही आम्हाला ब्रोशरमध्ये फालतू वाटलं होतं, तिने आल्यावर सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच सांगितलं. आणि उंटांबद्दल. आउटबॅकमध्ये हजारो जंगली उंट फिरतात, ते गेल्या शतकाच्या आधी इकडूनच नेले होते, सोबत हाकायला बलुची, पठाण लोक. त्या सगळ्यांना तिकडे अफगाण म्हणायचे, तिथल्या द घान ट्रेनचं नाव त्यावरूनच पडलं.

जेवण: पास्ता, बीन्स, सॅलड, ब्रेड, उकडलेले बटाटे. उपाशी राहत नाहीत पण चौथ्या दिवसापासून मुलं चटणी आणि लोणचं वाटून खातात.

रामबागची_आई

बापरे एवढी माहिती, खूप खूप आभार सगळ्यांचे. मी आज टूरवाल्याला फोटोबद्दल विचारलं, तो म्हणे "मॅडम तो तर सिम्बॉलिक फोटो आहे." मग बसचे तास विचारले तर म्हणे ऑफिसला या, बसून बोलू. हं.

साप आणि मगरींचं कोणी सांगा ना, सासूबाई रोज विचारतात. आणि रीफवर पोहता न येणाऱ्याचं काय होतं?

ब्रिस्बेनचा_इंदौरी

सासूबाईंना सांगा, साप इकडे विषारी आहेत हे खरं पण माणसं मरण्याचं प्रमाण भारताच्या तुलनेत नगण्य आहे. साप चावला तर इकडची पद्धत वेगळी, जखम धुवायची नाही, पूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट इलॅस्टिक पट्टी गुंडाळायची, अजिबात हलायचं नाही, इमर्जन्सीच्या ००० नंबरला फोन. गाईडकडे ती पट्टी आणि सॅटेलाइट फोन आहे का, एवढं विचारा. मगरी खऱ्या आहेत. डेनट्री नदीत खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी असतात, केप ट्रिब्युलेशनच्या बीचवर कितीही सुंदर दिसलं तरी पाण्यात उतरायचं नाही, बोर्ड लावलेले असतात आणि ते शोभेला नसतात. जेलीफिशचा जोर नोव्हेंबर ते मे, जून लागला की बराच कमी, तरी बोटीवर अंगभर सूट देतात तो घालायचाच.

मला खरी भीती वाटते ती गिम्पी-गिम्पी नावाच्या झुडपाची. हृदयाच्या आकाराचं मऊ लुसलुशीत पान, हात लावावासा वाटतो, आणि त्यावरची बारीक लव काचेसारखी कातडीत घुसते. आपली खाजकुइली तिच्यापुढे काहीच नाही, महिन्यांनंतर पुन्हा दुखू शकतं. म्हणून पायवाट सोडायची नाही आणि "सेल्फी घेऊन येतो" म्हणून आत शिरायचं नाही. कॅसोवरी दिसला, म्हणजे माणसाच्या उंचीचा निळ्या मानेचा पक्षी, तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं, बॅग पुढे धरायची. खायला काहीही द्यायचं नाही.

रीफला पोहता न येणाऱ्यांना तरंगायला नूडल म्हणजे फोमची लांब नळी देतात, खालून काच असलेली बोटही असते. पण ताई, मार्चच्या परीक्षेनंतर दोन महिने हातात आहेत की, महू नाक्याच्या तरणपुष्करला घाला ना त्याला. पाण्यात तोंड घालून श्वास सोडता येणं एवढंच लागतं, ते आलं की रीफ वसूल, नाहीतर तो वर बसून सँडविच खाईल आणि बाकीचे येऊन कासवांच्या गोष्टी सांगतील.

व्हिसावाले_काका

कागदांचं मी सांगतो. व्हिजिटर व्हिसा (सबक्लास ६००) लागतो, अर्ज ऑनलाइन. मुलगा १८ च्या खाली आणि आई-वडील सोबत नाहीत म्हणून फॉर्म १२२९ वर तुमची दोघांची संमती लागेल, सह्या पासपोर्टवर आहेत तशाच करा. पासपोर्ट बोर्डाच्या परीक्षेच्या आधीच काढून ठेवा. पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स कापतात, ज्याच्या पॅनवर कापलं त्याला रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं, तर कोणाच्या नावाने पैसे भरायचे ते घरात आधी ठरवा. ट्रॅव्हल इन्शुरन्स स्वस्तातला घेऊ नका, स्नॉर्केलिंग आणि ट्रेकिंग त्यात कव्हर आहे का ते पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

खाण्याचं सामान महत्त्वाचं. उतरताना कार्डावर सगळं लिहून द्यावं लागतं, लपवलं तर दंड जबर. मावा, पेढे, बर्फी, गुलाबजाम, दुधाचं काहीही नको, घेऊन टाकतात. आजी प्रेमाने डब्यात भरतील, तुम्ही लक्ष ठेवा. सेव, पॅकबंद खाखरा असं कंपनीचं सील असलेलं न्या आणि तेही डिक्लेअर करा.

आजींना फोनची वेळ सांगून ठेवा, केर्न्स आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आणि ॲलिस चार तास. आपल्याकडे रात्री नऊला फोन लावला तर मुलगा झोपेतून उठून बोलेल.

पाताळपाणी_पायी

बरं चला, सिडनी-मेलबर्न काढलं तर मला पण पटतंय. ताई तुमच्या टूरवाल्याने नकार दिला तर दुसरा बघा, अजून ॲडव्हान्स दिला नाहीये ना?

रामबागची_आई

नाही दिला. शनिवारी ऑफिसला जातेय, हे सोबत येतायत. बसचे तास, सॅटेलाइट फोन, मॉसमनचा गाईड, स्वॅगची रात्र, एवढं लिहून नेतेय, लेखी दिलं तर बघू. मुलाला सांगितलं साखळीवाला फोटो विसर, तर म्हणतो मग डिंगोने बूट नेला तर दुसरा जोड घेऊन देशील ना.