चाळिशीपुढच्या प्रत्येकाला एकदा 24 तासाचं बीपी मशीन लावायचं का? तालमीत वाद झालाय, तुम्ही सांगा

पेठकरी
परवा तालमीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, गणपतीच्या वर्गणीतनं राहिलेल्या पैशातनं हे मशीन घेऊया आणि पेठेतल्या चाळीस ओलांडलेल्या सगळ्यांना, बाई असो की गडी, एक दिवस-रात्र बांधूया. निम्मी पोरं विरोधात गेली.

माझं कारण घरचंच हाय. वडील दवाखान्यात गेले की बीपी 160, म्हणून दोनदा गोळी वाढवली, आणि एक दिवस पहाटे मोरीकडं जाताना चक्कर येऊन उंबऱ्यावरच पडले, कोपर फुटलं. दुसऱ्या डॉक्टरांनी 24 तासाचं मशीन लावलं तर सरासरी 106/62. डॉक्टर बघितला की चढणारं बीपी हे, घरी नसतंच. गोळी कमी केली, चक्कर थांबली.

ते बघून दाजींनी पण लावून घेतलं. शिरोलीला फौंड्रीत नाईट असते त्यांना. दवाखान्यात कायम 132/84, म्हणजे सगळं ठीक. मशीनवर जागेपणी 146 आणि झोपेत 141. एका मापात हे कुणाला कळणार होतं?

सरळबोल
भावा, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं पण हिशोब कर की. एक मशीन म्हणजे दिवसाला एक माणूस. पेठेत चाळिशीपुढचे हजार धरले तरी पावणेतीन वर्षं लागतील, ते पण एकही दिवस खाडा न पडता. आमच्या गल्लीत अशी माणसं हायत ज्यांच्या दंडाला आयुष्यात एकदा पट्टा लागला नाही. आमची चुलती पक्षाघातानं पडली तेव्हा पहिल्यांदा बीपी मोजलं, 210. तिला एक साधं मशीन आणि पाच मिनिटं मिळाली असती तर पुरलं असतं.

वॉर्डातली ताई
मी नर्स आहे, हे मशीन रोज बांधते. कमरेला डबी, दंडाला पट्टा, दिवसा दर 20 मिनिटांनी आणि रात्री अर्ध्या तासानं फुगतो. फुगला की हात खाली सैल सोडून गप्प थांबायचं, नाहीतर माप चुकतं आणि परत फुगतो. अंघोळ नाही. झोपायची-उठायची वेळ कागदावर लिहायची, नाइटवाल्यांनी तर नक्कीच, त्यांची रात्र दिवसा असते. काहीजण रात्री दोनला वैतागून पट्टा काढून उशाखाली ठेवतात आणि नेमकं झोपेचं माप जातं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. झोपेत वरचं बीपी 10 ते 20 टक्के उतरायला पाहिजे, पेठकरींच्या दाजींचं उतरलंच नाही, ते दवाखान्यात दिसत नाही.

पण सरसकट नको. दवाखान्यात 140/90 च्या वर आलं तर जन्माची गोळी चालू करायच्या आधी लावा, ब्रिटनमध्ये 2011 पासून तसाच नियम आहे. शिवाय शुगरवाले, किडनीवाले, नाइटवाले.

पेठकरी
ताई, पण दाजी 140 च्या आतच होते. तुमच्या यादीत ते नाइटमुळं आले, घरात बसून तसंच बीपी असणारी बाई कुठल्या यादीत येणार? जपानमध्ये ओहासामा म्हणून एक छोटं गाव हाय, तिथल्या मोठ्या माणसांना 1980 च्या दशकापासून ही मशीनं लावून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. झोपेतली घट 5 टक्क्यांनी कमी असली की हृदयविकार-पक्षाघातानं मरायचा धोका साधारण 20 टक्क्यांनी जास्त, आणि हे ज्यांचं बीपी जास्त नाही त्यांच्यातही दिसलं. म्हणून सगळ्यांना म्हणतोय.

सरळबोल
तिथं मोजल्यावर पुढं बघायला माणसं होती. आपल्याकडं रिपोर्ट आला की तो फ्रीजवर आणि गोळी महिन्यात बंद. तेवढ्या पैशात दंडाची साधी दहा मशीनं घ्या, प्रत्येक घरात आठवडाभर फिरवा, सकाळी दोनदा संध्याकाळी दोनदा मोजून वहीत लिहा. सरासरी 135/85 च्या वर गेली की ताई म्हणतात ते मोठं मशीन.

रंकाळ्याची
कुठलं पण घ्या, पण तालमीत ठेवू नका. मागच्या शिबिराला आमच्या गल्लीतली एकही बाई आली नव्हती, रविवारी सकाळी 9 ला मटणाचा रस्सा चुलीवर असतो हो, आणि पुरुषांच्या रांगेत बाही वर करून कोण उभी राहील? संध्याकाळी घरोघरी घेऊन या. आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं बसू द्या तिला, पाण्याची घागर उतरवून लगेच पट्टा बांधला तर तो आकडा कशाचा?

पेठकरी
हे मला सुचलंच नव्हतं. सरळबोलची दहा मशीनं मान्य, घरोघरी पण मान्य. पण मोठं एक घ्यायचंच, आणि पहिला नंबर नाइटवाल्यांचा. यावर मी मागं हटणार नाही, गुरुवारी मीटिंगला हेच मांडतोय.