कोकण बोट, पडाव आणि अनोळखी बंदर : तुमचे अनुभव

परवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला गेलो. गाडी बोटीच्या पोटात, आपण वर एसीत. नात म्हणाली, "आजोबा, ही हलतच नाही." पण धक्क्यावर डिझेल आणि सुक्या बोंबलांचा वास आला नि मी थेट १९७२ च्या मे महिन्यात, मुंबईहून कोकणातली बंदरं घेत पणजीला जाणाऱ्या कोकण बोटीवर.

आई, धाकटी बहीण, मी आणि पत्र्याची ट्रंक. वडिलांच्या गावी पहिल्यांदाच, मुसाकाझी बंदरात उतरायचं. डेकवर सतरंज्या टाकून प्रत्येकाने आपापली हद्द आखलेली. हर्णैपर्यंत मजा, दाभोळनंतर आईला बोट लागली ती लागलीच. रात्री भोंगा झाला, मी कठड्याकडे धावलो. बंदर म्हणजे भाऊच्या धक्क्यासारखंच काहीतरी असणार, ही माझी समजूत. समोर मिट्ट काळोख, आणि खाली पाण्यात हलणारा एक कंदील. तो पडाव, बोटीतून माणसं किनाऱ्याला नेणारी होडी!

बोटीच्या कुशीतलं दार उघडलं. पडाव लाटेबरोबर दारापर्यंत यायचा आणि पुन्हा पुरुषभर खाली जायचा. खलाशाने मनगट धरलं. "पडाव वर इलो की उडी मार. मी सांगान तेवाच." मी पडलो कुणाच्या तरी वळकटीवर. ट्रंक दोराने आली. किनाऱ्याला गुडघाभर पाण्यात कुणीतरी मला उचललं, मी बोंब ठोकली. ते माझे आजोबा होते. पहिली भेट. एक चप्पल गायब.

लिहा तुमचंही.

हर्णैची_माई
घाईत लिहितेय, भात लावलाय. १९६८, नवी नवरी. शालू भिजू नये म्हणून खलाशाने खांद्यावर टाकून आणलं. सासरचं गाव पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. आमच्यात बोट लागू नये म्हणून आलेपाक द्यायचे, शिवाय सासूबाई कांदा फोडून हुंगायला

ढब्बू_मिरची
चपलेचं काय झालं पण?

धागाकर्ता
बोटीतच राहिली, पणजीला गेली. आमच्या घरातून गोवा पाहणारी पहिली तीच.

शिडवाला
आमचं अलीकडचं. चौघं मित्र, ३४ फुटी शिडाची बोट, डिसेंबरात मुंबई-गोवा. दुपारी वायव्येचा वारा झकास पाठीशी, संध्याकाळी साफ पडला. मध्यरात्रीनंतर मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटली, जमिनीचा वास घेऊन. ओलं गवत, धूर, शेण. दहा तास नुसतं मीठ हुंगल्यावर हा वास म्हणजे काय ते सांगता येत नाही. जयगडचा दिवा दिसत होता, जीपीएस होतं, नकाशा होता. नकाशात जाळी नसतात! एकाएकी बोट जागच्या जागी थबकली. सुकाणू जाळ्यात. तेवढ्यात मच्छीमारांच्या बोटीवरून टॉर्च आला आणि शिव्याही आल्या. त्यांच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, स्वतः पाण्यात उतरून सोडवली आणि खाडीत आपल्या मागोमाग नेलं. फाटलेल्या जाळ्याचे पैसे आम्ही देऊ केले, त्याने मोजून घेतले आणि मग चहा दिला. बरोबरच होतं त्याचं.

मालवणी_तिरफळ
आमका मालवणाक उतराचा होता. दर्यो खवळललो, पडाव येवक तयार नाय. बोट फुडे गेली, उतारलव थेट वेंगुर्ल्याक. वळखीचो एक माणूस नाय. बंदरावरच्या हाटेलवाल्यान उसळ-पाव दिल्यान, पैशे घेवक नाय. यष्टीन घराकडे पोचलव तर घराक कुलूप. सगळी आमची वाट बघीत मालवणच्या बंदरार!

ढब्बू_मिरची
😂😂

गिरगाव_चौपाटी
आमच्याकडे बोटीचं नाव काढायची सोय नव्हती. रामदास. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून सुटली आणि रेवसच्या अलीकडे बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आजीच्या वाडीतलेही होते. आजीने पुढे दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीतसुद्धा पाय ठेवला नाही. माहेर पलीकडे समोर दिसायचं, तरी चिपळूणवरून वळसा घालून जायची.

शिडवाला
_/\_

पुणेरी_ताक
अवांतर : भाऊचा धक्का, म्हणजे भाऊ कोण?

गिरगाव_चौपाटी
भाऊ अजिंक्य. इंग्रजांच्या काळात त्यांनीच धक्का बांधला.

पुणेरी_ताक
धन्यवाद. पुण्याला बंदर नसल्याने अनुभव शून्य. आलेपाकाची कृती मिळेल का?

हर्णैची_माई
देते रे, वेगळी टाकते. तुमचं सगळं वाचत बसले, इकडे भात लागला. बोट कधी लागली नाही मला, भात लागतो.